बिरोबाचं लॉगिन

"आजपासून या वस्तीत पाण्यावरून एकाचंही डोकं फुटणार नाही!"

सकाळी सकाळी उपसा सोसायटीच्या ओट्यावर उभं राहून रविराजनं असं जाहीर केलं, आणि ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांचा हात नकळत स्वतःच्या डोक्याकडं गेला. प्रत्येकाच्या डोक्यावर एखादी तरी जुनी खूण होती, आणि ती पाण्याचीच होती.

मांडवगण फराट्याच्या पुढं, भीमेच्या काठाला ही वस्ती. आजे-पणजे मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत हिंडले. नातवंडं आता वांगी, टोमॅटो आणि शेवंती घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डापर्यंत हिंडतात. हिंडणं कमी झालं, भांडण तेवढंच राहिलं. पूर्वी चाऱ्यावरून व्हायचं, आता पाण्यावरून. रात्री शेतीपंपांची वीज असली की मोटारी नदीचं पाणी टेकडावरच्या टाकीत चढवायच्या, आणि दिवसा ते पाइपातून उतरून ज्याच्या त्याच्या पाळीप्रमाणे शेतात जायचं. हे कागदावर! प्रत्यक्षात व्हॉल्व्हचं चाक ज्याच्या हातात, त्याची पाळी.

ते सगळं आज संपणार होतं. सोसायटीनं कॉम्प्युटर आणला होता. सगळे व्हॉल्व्ह विजेवर चालणारे, पाळीपत्रक सर्व्हरवर, आणि सर्व्हर रविराजच्या मुठीत! जोडणी करून दिली होती दौंडच्या जालिंदरनं. तो आणि रविराज डिप्लोमाला एकाच वर्गात होते. फरक एवढाच की जालिंदर पास झाला होता.

पाणीचोरी कायमची बंद व्हावी म्हणून रविराजनं व्हॉल्व्हची जुनी चाकं काढून टाकली होती. नुसती चाकं नव्हे! पान्ह्यानंही कुणाला फिरवता येऊ नये म्हणून वरच्या दांड्यासुद्धा बुडातून कापल्या होत्या. टाकीच्या तोंडाचा मोठा व्हॉल्व्हही त्यानं सोडला नव्हता. "आता व्हॉल्व्ह फक्त माझं ऐकणार!" असं तो म्हणाला होता. ही कल्पना सगळ्यांना पसंत पडली होती, कारण चोरी नेहमी दुसरा करतो.

या दिवसाची रविराजला फार गरज होती. आधी त्यानं कोंबड्या पाळल्या होत्या. त्या मेल्या. मग त्यानं मोबाइलचं दुकान टाकलं. ते बंद पडलं. दैव म्हणजे त्याच्या बाबतीत वळू होता. कुठंही शेत केलं तरी वास काढत यायचा. आणि आता त्याची बायको प्रतिभा हिनं त्याला न विचारता घरच्या रानात शेवंती लावली होती. कासुर्डीला तिच्या आईची रोपवाटिका होती. तिथून तिनं एकेक रोप निवडून आणलं, भाड्याच्या टेम्पोत स्वतः रोपांशेजारी बसून आली आणि तिनं एकटीनं सऱ्यांवर लागण केली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं स्वतःचं म्हणून काही मांडलं होतं.

लागणीनंतर चौथ्या दिवशी जे पाणी द्यायचं त्याला आंबवणी म्हणतात. ती चुकली की रोप मान टाकतं, आणि चैत्राच्या उन्हात टाकलेली मान पुन्हा वर येत नाही. आज चौथा दिवस होता.

"तू काळजीच करू नको," रविराज पहाटे तिला म्हणाला होता. "पयली पाळी देवाची, दुसरी सोजरबाईची, तिसरी आपली. तू नुसती बांधावर बस. व्हॉल्व्ह आपोआप उघडतोय बघ!"

"बरं," प्रतिभा म्हणाली होती.

त्या एका 'बरं'मध्ये मेलेल्या सगळ्या कोंबड्या होत्या.

असो. नारळ फुटला. रविराज कॉम्प्युटरसमोर बसला. वस्तीच्या रिवाजाप्रमाणे पहिलं पाणी बिरोबाच्या माळाला. तिथं देऊळ सोडलं तर दुसरं काही नाही, नुसते दगड. पूर्वी तिथं मेंढरं बसायची. पण देवाला नैवेद्य दाखवतात तसं पाच मिनिटं पाणी तिथं सोडायचं आणि मग माणसांच्या पाळ्या. रविराजनं बटण दाबलं. टेकडापलीकडं कुठं तरी बिरोबाचा व्हॉल्व्ह उघडला. पडद्यावर हिरवा ठिपका लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

इथंच थांबायला हवं होतं. पण चेअरमन हौशीराम आप्पा चष्मा पुसत पुढं आले आणि त्यांनी पडद्यावरच्या यादीवर बोट ठेवलं.

"ही कुणाची नावं म्हनायची?"

"हे युजर, आप्पा. सर्व्हरमध्ये ज्यांना शिरता येतं ते. हा मी, हे तुम्ही, आन् हा तो पाळ्या चालवनारा प्रोग्रॅम."

"पयलं नाव तुझं?"

"मी ॲडमिन हाय नव्हं!"

"आन् बिरोबा?"

रविराजनं पडद्याकडं पाहिलं, मग आप्पांकडं.

"आप्पा, देवाला काय करायचंय लॉगिन?"

"त्येला काय करायचं ते त्यो बघंल! पन देवाच्या आधी तुझं नाव? आरं, जत्रंच्या जेवनात पयलं पान कुणाचं असतंय?"

"देवाचं."

"सोसायटीच्या मीटिंगीत पयली खुर्ची?"

"देवाचीच. मोकळी सोडतो की."

"मंग हितंबी सोड!"

रविराज बिरोबाचं नाव टाइप करायला लागला तशी आप्पांनी त्याच्या मनगटावर टिचकी मारली. "नाव न्हाई टाकायचं! आपल्यात देवाची जागा मोकळी ठेवत्यात. पाटी लावून बसवत न्हाईत."

मग रविराजनं तेही केलं. सगळ्यांच्या वर एक नवं खातं उघडलं. नाव मोकळं. पासवर्ड मोकळा, कारण देवाला पासवर्ड विचारायची कुणाची छाती? कॉम्प्युटरनं विचारलं, याला अधिकार कोणते द्यायचे? रविराज मनात म्हणाला, देवाला अधिकार देणारा मी कोण? तोही रकाना त्यानं मोकळाच सोडला. आणि सगळं नीट बसावं म्हणून सर्व्हर एकदा बंद करून परत चालू केला.

पाच मिनिटं उलटून गेली. हिरवा ठिपका माळावरून हलेना.

"माझं पानी?" सोजरबाईंनी विचारलं. त्यांची वांगी वाट बघत होती आणि त्यांचा स्वभाव वाट बघणारा नव्हता.

"देतो की!" म्हणून रविराजनं नाव टाकलं, पासवर्ड टाकला, एंटर मारलं. पडद्यावर आलं, 'ॲक्सेस डिनाइड'. त्यानं पासवर्ड पुन्हा टाकला. डिनाइड. सावकाश टाकला. डिनाइड. आप्पांचं खातं वापरलं. डिनाइड! पाळ्या चालवणारा प्रोग्रॅमही बाहेरच अडकला होता आणि दर मिनिटाला बिचारा दार ठोठावून परत येत होता.

"काय म्हनतोय त्यो?" आप्पांनी विचारलं.

"तुम्हाला परवानगी न्हाई म्हनतोय."

"मला? मी चेअरमन हाय!"

"ते त्याला सांगितलं, आप्पा."

फोन वाजला. प्रतिभा.

"पानी आलं न्हाई अजून."

"येतंय, येतंय! पाचच मिनिटं!"

रविराजनं तिचा फोन ठेवला आणि दौंडला लावला. जालिंदर कुणाच्या तरी दुकानाबाहेर शिडीवर चढून कॅमेरा बसवत होता. आप्पांच्या हुकमावरून फोन स्पीकरवर टाकण्यात आला आणि सगळी वस्ती त्याच्याभोवती गोळा झाली.

"तू नेमकं काय केलंस?" जालिंदरनं विचारलं.

रविराजनं सांगितलं. पलीकडं जालिंदर आधी शिडीवरून खाली उतरला.

"आरं येड्या," जालिंदर म्हणाला, "बिननावाचं खातं म्हंजी सर्व्हरच्या लेखी कुनीबी! आता जो कुनी त्या मशीनवरनं आत जाईल, त्याला त्यो पयल्या मोकळ्या जागंवर नेऊन बसवतोय. तुझं नाव यादीत खाली हाय, तितपर्यंत त्यो बघतच न्हाई."

"मग बसू दे की!"

"बसू दे काय? त्या जागंला अधिकारच दिला न्हाईस तू! तुमी समदे आता देवाच्या जागंवर बसलाय, आन् देवाला तितं काय बी करायची परवानगी न्हाई!"

वस्तीनं हे ऐकून घेतलं. दोन-तीन म्हाताऱ्यांनी माना हलवल्या, जणू ही गोष्ट ते फार पूर्वीपासून ओळखून होते.

"मग आता?" रविराजचा आवाज बारीक झाला होता.

"सर्व्हर बंद कर, आन् विचारपूस बंद ठेवून चालू कर. म्हंजी त्यो कुनाला नाव-गाव विचारनार न्हाई. येईल त्याला आत घेईल. तवर व्हॉल्व्ह मातर हलनार न्हाईत, बाहेरशी त्याचं बोलनं बंद असतंय. तेवढ्यात ते मोकळं खातं उडवायचं, आन् परत नेहमीसारखा चालू करायचा. सोपं हाय."

सोपं होतंही. जालिंदर सांगत गेला, रविराज बटणं बडवत गेला, आणि थोड्या वेळानं सर्व्हर दारं सताड उघडी टाकून बसला. पण स्पीकरवरचं वाक्य सोजरबाईंनी नीट ऐकलं होतं.

"म्हंजी आता कुनीबी बसलं तरी चालतंय?"

"तसं चालतंय, पन..."

"मंग माझी पाळी पयली कर!"

"हिची कशी? माझे टोमॅटो मरायला लागल्यात!"

"सरक! मला टायपिंग येतंय!"

आणि मग जे झालं त्याला झुंबड हाही शब्द अपुरा आहे. की-बोर्ड एकाच्या हातात, वायर दुसऱ्याच्या. कुणी माउस पळवला. तो एकटा घेऊन काय करणार होता हे त्याचं त्यालाच माहीत. आप्पा "शिस्त! शिस्त!" ओरडत मध्ये घुसले आणि तेवढ्यात वरून सुटलेला की-बोर्ड नेमका त्यांच्या कपाळावर बसला. लगेच बोराएवढं टेंगूळ आलं. वस्तीतली कॉम्प्युटरवरची पहिली मारामारी चेअरमनच्या कपाळावर नोंदवली गेली.

ते टेंगूळ बघून मात्र सगळे मागं सरकले. रविराजनं की-बोर्ड परत लावला. "आता फक्त ते खातं उडवतो," तो म्हणाला.

"कुनाचं खातं?" आप्पांनी कपाळ धरून विचारलं.

"ते... वरचं."

"बिरोबाचं?"

"आप्पा, ते खातं हाय, बिरोबा न्हाई!"

"बसवताना देवाला इचारायला लागत न्हाई, त्यो मान हाय. पन आता उठवायचं? जत्रंच्या तोंडावर? देवाला पानावरनं उठवतोस व्हय रं?"

"रोपं मरत्यात, आप्पा!" रविराज जवळजवळ रडकुंडीला आला होता. "प्रतिभाची शेवंती हाय चौथ्या दिवसाची!"

"म्हनून तर," आप्पा म्हणाले. "देव कोपला तर पाचव्या दिवसाचीबी जाईल. कौल लावू. देव व्हय म्हनला की उडव."

फोनवरून जालिंदर काही तरी बोलत होता. बहुतेक शिव्या होत्या. रविराजनं फोन बंद केला.

कौल लावायचा म्हणजे देवळात जायला हवं, आणि देऊळ टेकडापलीकडं माळावर. सगळी वस्ती निघाली. टेकडाच्या माथ्यावर पोचल्यावर पुढचे थबकले, मागचे त्यांच्यावर आदळले, आणि मग सगळ्यांनी खाली बघितलं.

पाच मिनिटांसाठी उघडलेला व्हॉल्व्ह सकाळपासून उघडाच होता. बिरोबाच्या माळाचं तळं झालं होतं. दगड बुडाले होते. टाकीतलं पाणी, आख्ख्या वस्तीचं आजचं पाणी, जिथं गवताची काडी उगवत नाही तिथं चमकत पडलं होतं, आणि पाइपातून अजून दंडाएवढी धार चालू होती. दोन म्हशी आधीच येऊन बसल्या होत्या. त्या आख्ख्या दिवसात तेवढ्याच दोघी सुखात दिसल्या.

"बंद करा की कुनीतरी!" सोजरबाई किंचाळल्या. दोघं-तिघं व्हॉल्व्हकडं धावले. तिथं चाक नव्हतं. दांडीसुद्धा नव्हती. सगळ्यांनी सावकाश वळून रविराजकडं बघितलं. तो म्हशींकडं बघायला लागला.

फोन वाजला. "आता कुठंच पानी न्हाई का?" प्रतिभाचा आवाज शांत होता. तो शांत नसता तर बरं झालं असतं. "रोपं मान टाकाय लागली."

"फक्त... फक्त बिरोबाच्या माळावर हाय. गुडघाभर."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

धोतरं आणि पँटी वर खोचून, चपला हातात धरून वस्ती पाण्यातून देवळात पोचली. पुजाऱ्यानं देवाच्या दोन्ही अंगांना एकेक कळी चिकटवली. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आप्पांनी हात जोडून विचारलं, "देवा, तुझं खातं उडवू का?"

कळी पडेना. बाहेर धार वाहत होती, ऊन चढत होतं, आणि रविराज त्या दोन कळ्यांकडं असा बघत होता जसा डिप्लोमाच्या निकालाकडंही त्यानं कधी बघितलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढं शेवंतीच्या सऱ्या होत्या. टेम्पोत रोपांवर ओली गोणपाटं धरून बसलेली प्रतिभा होती. त्याला मनापासून वाटलं, देवा, माझं राहू दे बाजूला, पण हिचं एक तरी नीट होऊ दे.

डावी कळी पडली.

"न्हाई म्हनतोय," पुजारी म्हणाला.

रविराज मटकन खाली बसला. पाण्यातच. मग तसाच बसून त्यानं जालिंदरला फोन लावला. "खातं न उडवता काही करता येईल का रे?"

"आरं, तू फोन बंद केलास तवा मी तेच वरडत व्हतो! उडवू नको. त्याला नाव दे! मोकळं हाय म्हनून समद्यांना त्यात बसवतोय. नाव दिलं की ज्याची जागा त्याला!"

आप्पांनी पुन्हा हात जोडले. "देवा, उठवत न्हाई. तितंच ठेवतो, फक्त नाव लावतो. चालंल का?"

उजवी कळी लगेच पडली. खरं तर ती मघाशीच सुटत आली होती, पण हे बोलण्याची ती वेळ नव्हती.

रविराज ओल्या पँटीनं टेकड चढून ओट्याकडं पळाला, आणि त्याच्या मागोमाग सोजरबाई. मोकळ्या खात्याला त्यानं नाव दिलं: बिरोबा. पासवर्ड दिला. तो काय दिला हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही, देवालाही नाही. मग सर्व्हर बंद करून नेहमीसारखा चालू केला, श्वास रोखून स्वतःचं नाव टाकलं आणि एंटर मारलं.

आत! सर्व्हरनं त्याला आत घेतलं! सगळे अधिकार, सगळ्या पाळ्या, सगळे व्हॉल्व्ह! माळावरचा हिरवा ठिपका त्यानं विझवला. सोजरबाईंची पाळी चुकवून, त्यांच्या देखत, त्यानं थेट प्रतिभाच्या शेतावर बटण दाबलं. तिथं हिरवा ठिपका लागला. सोजरबाईंनी तोंड उघडलं आणि त्याचा चेहरा बघून मिटलं. त्या दिवसात त्याच्यावर झालेली तेवढी एकच मेहेरबानी.

तो ओढ्यापलीकडं शेताकडं धावत सुटला. बांधावर पोचला तेव्हा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता. पाइपानं आधी एक ढेकर दिली. मग थोडा लाल गाळ ओकला. मग एक बेडूक बाहेर पडला, त्यानं रविराजकडं पाहिलं आणि तो परत आत गेला. त्यानंतर नुसती हवा. टाकी रिकामी झाली होती. आता पाणी येणार ते रात्री मोटारींची वीज आल्यावर.

बरीचशी शेवंती मान टाकून पडली होती. बांधाकडच्या थोड्या सऱ्या मात्र ओल्या होत्या आणि त्यांतली रोपं उभी होती. प्रतिभा कुठं दिसेना. सांडलेल्या पाण्याचे ओले ठिपके ओढ्यातून वर माळाकडं गेले होते. रविराज त्यांच्या मागं मागं गेला.

माळावर जणू जत्राच भरली होती. कुठंच पाणी नाही म्हटल्यावर सगळी वस्ती हंडे, बादल्या, औषध फवारायचे पंप घेऊन तिथं उतरली होती. प्रतिभा त्या सगळ्यांच्या आधीपासून तिथं होती, आणि आता गर्दीतून वाट काढत डोक्यावर भरलेला हंडा घेऊन निघाली होती. तिचे पाय चिखलानं पोटऱ्यांपर्यंत माखले होते. भांडण तर सुरू झालंच होतं. ज्याला त्याला खोल जागेचं नितळ पाणी हवं होतं आणि ते झपाट्यानं दगडांत जिरत होतं.

"असं न्हाई चालायचं!" आप्पा कपाळावर ओलं फडकं धरून ओरडले. "पाळ्या लावा! पाळीनं भरा! ए रविराज, तूच लाव रं पाळ्या! शिकलेला हाइस!"

सगळे त्याच्याकडं वळले. रविराजनं घसा खाकरला.

"ह्यांना सोडून कुनालाबी इचारा," प्रतिभा चालता चालताच म्हणाली.

एवढा वेळ एकमेकांच्या अंगावर जाणारी माणसं एकदम हसली. म्हशीसुद्धा मान वळवून बघायला लागल्या. रविराजही हसला, कारण गर्दीत आपण एकट्यानं न हसणं वाईट दिसतं. मग तो भराभर पुढं जाऊन तिच्या बरोबरीनं चालायला लागला. उतार होता, वाट निसरडी झाली होती, आणि अर्ध्याहून जास्त शेवंती अजून कोरडी होती. तिची मान हंड्याच्या भारानं थरथरत होती. त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि ते कसं सांगायचं हे न कळून त्यानं दोन्ही हात पुढं केले.

"दे इकडं. मी घेतो."

प्रतिभानं त्याच्या हातांकडं एकदा बघितलं.

"नको," ती म्हणाली. "सांडाल."